मामाजींचा हात आणि व्हॅनचं स्टिअरिंग

मी तोंडाची फटकळ आहे, याबद्दल माझ्या माहेरी आणि सासरी एकमत आहे. माहेरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, घरं नव्या गावठाणात आली, पण हिचं तोंड काही बुडालं नाही, असं माझा भाऊ अजूनही पाहुण्यांना सांगतो. आमचे लोक मूळचे विणकरच, पण आजोबांनी माग सोडून धानाची शेती धरली. त्यामुळे लग्न होऊन आंधळगावात आले तेव्हा मला विणकामातलं काही म्हणता काही येत नव्हतं. ट्रॅक्टर मात्र चालवता येत होता. सासूबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला होता. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, खूश झाले. "बरं झालं," ते म्हणाले, "एक डायवर आला घरात."

त्यांना ड्रायव्हरचं कौतुक असायला कारण होतं. त्यांनी तेव्हा एक व्हॅन घेतली होती. दुसऱ्यानं वापरून कंटाळून विकलेली, पांढरी, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. मामाजी कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, विणकर. सकाळी मागावर बसायचे आणि दुपारनंतर व्हॅन काढून आसपासच्या गावांत विणणाऱ्यांच्या घरी सूत पोचवायचे, तयार लुगडी-साड्या घेऊन यायचे. वाटेत कुणाची बाळंतीण, कुणाची नवरी, कुणाचं धानाचं पोतं, सगळं त्या व्हॅनमध्ये. आमच्या ह्यांना दोन चाकांपलीकडे काही चालवता येत नाही. ह्यांचं गावात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि तिथून ते हलत नाहीत. म्हणून व्हॅन चालवणारे घरात आम्ही दोघंच, मामाजी आणि मी. मी ती अडीनडीलाच घ्यायचे. एरवी ती त्यांचीच.

मागच्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी मामाजी घरात आले आणि चपला न काढता ओसरीवर बसले. आमची गल्ली अरुंद. वळताना व्हॅन शेजाऱ्यांच्या ओट्याला घासली होती. ओट्याचा कोपरा निघाला होता, शेजारी काही बोललेही नव्हते. पण मामाजी आपल्या उजव्या हाताकडे असं पाहत होते की मला वाटलं हाड मोडलं.

"स्टेरिंगचं चाक वळतच नाही बाई," ते म्हणाले. "हात गेला माहा."

त्या दिवसापासून घरात त्या हाताचंच राज्य सुरू झालं. भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, या वयात सांधे झिजतातच म्हणाले, गोळ्या दिल्या. सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ मोहाच्या बियांचं तेल कोमट करून खांद्यापासून मनगटापर्यंत चोळायच्या. मामाजी मधूनमधून व्हॅन काढायचे, परत यायचे आणि हात आणखी दुखतो म्हणायचे. मग एक दिवस त्यांनी व्हॅन काढणं बंद केलं. आणि मला सगळ्यात जे लागलं ते हे की, त्यानंतर त्यांनी मागावर बसणंही बंद केलं.

मी विचारलं, "मागाचं काय बिघडलं जी? तिथं कुठं चाक वळवा लागते?"

"ज्या हाताले चाक वळत नाही त्यानं कोशाले हात लावू नये," ते म्हणाले. "एखाद्या लेकीच्या लग्नाचं लुगडं माह्या हातानं खराब होईन."

माणूस दिवसभर ओसरीवर बसायला लागला. आतल्या खोलीत माग तसाच, अर्ध्यावर आलेल्या साडीसकट. सासूबाई रोज त्याच्यावरची धूळ झटकायच्या आणि मामाजी तेवढा वेळ तोंड दुसरीकडे करून बसायचे. जेवण कमी झालं. बोलणं तर आधीच कमी होतं. आयुष्यभर मागाच्या खटखटीत बसून त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे समोरच्यानंही बोलणं आवरतं घेतलेलं. मला त्या गप्पपणाची भीती वाटायला लागली. म्हातारं माणूस आजारानं खंगतं हे मी पाहिलं होतं, पण हे खंगणं वेगळं होतं. हे त्यांनी स्वतःच स्वतःला रिटायर केल्यासारखं होतं.

शेवटी तेच म्हणाले, व्हॅन विकून टाका आणि मागही काढून टाका. दोन्ही एकाच दिवशी जाऊ द्या, म्हणजे एकदाच काय ते होईल. "पण माग माह्या डोळ्यासमोर नको काढू," असं त्यांनी ह्यांना बजावलं. म्हणून ठरलं ते असं: लाखनीला भाजीचा एक व्यापारी व्हॅन घ्यायला तयार होता, त्याच्याकडे मी व्हॅन घेऊन जायचं, मामाजींनी सोबत यायचं, आणि तेवढ्यात इकडे ह्यांनी सुताराला बोलावून माग उतरवायचा. सासूबाई यावर हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या फक्त व्हॅनच्या टपावर हळदीकुंकू लावून आत गेल्या.

सकाळी मी व्हॅन काढली. मामाजी बाजूच्या सीटवर, मांडीवर उजवा हात, त्यावर डावा. गल्लीच्या वळणावर चाक वळवलं तर वळेना. पुढची चाकं चिखलात रुतल्यासारखं जड. आणि कुठूनतरी ची-ची आवाज. म्हटलं, कितीतरी दिवस उभी होती, चाकांतली हवा गेली असेल. मोहाडीला थांबून हवा भरली. पंपवाल्याच्या तिथून बाहेर निघताना पुन्हा तेच. बाजूचं झाकण उघडून स्टिअरिंगच्या तेलाची डबी पाहिली. तेल काठोकाठ. भर रस्त्यावर गाडी पळायला लागली की चाक हलकं वाटे, म्हणून मी पुढे निघाले. पण भंडाऱ्याच्या चौकात गर्दीत हळू होऊन डावीकडे वळायची वेळ आली तेव्हा मला दोन्ही हातांनी चाकाला लोंबकळायची पाळी आली. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. मागचा ऑटोवाला हॉर्नवर बसला होता.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बापाचा ट्रॅक्टर चालवलेली बाई. जुन्या ट्रॅक्टरला कसली पावर न् काय. जड म्हणजे काय ते मला माहीत. पण ही व्हॅन अशी नव्हती. हिला पावर स्टिअरिंग होतं, म्हणजे इंजिन चालू असलं की एक पंप चाक वळवायला मदत करतो. मागे मी चालवली तेव्हा ही एका हातानं वळायची.

"मामाजी," मी मोठ्यानं म्हटलं, "हे मलेही जड जाऊन राहिलं!"

ते समोर पाहत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडले. तेव्हा ते म्हणाले, "माहं मन ठेवाले बोलून राहिली का बाई?"

मला इतका राग आला. "मी आजवर कोनाचं मन ठेवलं जी? सांगा, एकाचं तरी?"

ते जरा हसल्यासारखे झाले. पण पटलं नव्हतं. वैनगंगेचा पूल ओलांडला, कारधा गेलं, तरी ते मांडीवरच्या हाताकडेच पाहत होते. इतक्या महिन्यांत सगळ्यांनी त्यांना समजावलं होतं, धीर दिला होता, वय झालं म्हणाले होते. आता सून म्हणते की हात नाही, गाडी. कसं पटावं? मीही त्यांच्या जागी असते तर मला वाटलं असतं, पोरगी दया करते आहे.

हायवेला ट्रक थांबतात त्या एका चहाच्या टपरीपाशी मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मामाजींना माझ्या जागेवर बसवलं. "वळवा," म्हटलं. त्यांनी वळवलं, ओठ आवळून. मग मी हात लांब करून इंजिन सुरू केलं. "आता वळवा." पुन्हा तसंच.

"सारखंच लागते," ते म्हणाले.

"तेच तर! चालू झाल्यावर हलकं व्हाले पायजे. पंप कामच करून नाही राहिला."

"माह्या हाताले सारखं लागते," ते शांतपणे म्हणाले. "हाताचाच भरवसा नाही तं त्याच्या सांगण्याचा काय भरवसा?"

म्हणजे खटल्यात आरोपीच साक्षीदार. मी वैतागून आजूबाजूला पाहिलं. टपरीवर एक ट्रक ड्रायव्हर बशीतून चहा पीत होता. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, भाऊ, जरा आमच्या गाडीचं चाक फिरवून पाहा. तो बिचारा दचकला, पण आला. मामाजी उतरले, तो बसला. एका हातानं चाक धरून वळवायला गेला आणि थांबला. मग दुसरा हात लावला. मग कण्हला.

"बहनजी, ये तो एकदम जाम है," तो म्हणाला. "पावर गया इसका. बाबा चलाते थे क्या इसको ऐसा? कमाल है."

तो ते मोठ्यानं बोलला. ट्रकवाले मोठ्यानंच बोलतात. मामाजींना सगळं ऐकू गेलं. ते व्हॅनच्या दाराला धरून उभे होते. त्यांनी त्या माणसाच्या दंडाकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं, मनगट पालटून पुन्हा पाहिलं. मग टपरीच्या बाकावर जाऊन बसले आणि गमछ्यानं तोंड पुसत राहिले. मी चहा आणून दिला तर कप उजव्या हातात घेतला. कितीतरी दिवस ते डाव्या हातानं प्यायचे.

मी फोन काढला. घरी सुतार पोचला असणार, माग उतरायला लागला असणार. मामाजींनी माझं मनगट धरलं.

"नको. आधी पक्कं होऊ दे. तिले उगाच आशा नको लावू."

'तिले' म्हणजे सासूबाईंना. मला फोन लावायचाच होता, पण त्यांच्या आवाजात अशी विनवणी होती की मी गप्प बसले. माझ्यासारखी गप्प बसली म्हणजे काय समजायचं ते समजा. पण पुढचा सगळा रस्ता माझ्या डोळ्यांपुढे तो सुतार होता, त्याची करवत, त्याचा हातोडा, आणि मी जितकी जोरात चालवू शकत होते तितकी चालवली.

लाखनीत हायवेलगतच गॅरेजं आहेत. पहिलं दिसलं तिथे व्हॅन घातली. मिस्त्रीनं ची-ची आवाज ऐकूनच समोरच्या सीटखालचं झाकण उचललं, आत वाकला, आणि आम्ही काही सांगायच्या आधीच हसला. पंपाला फिरवणारा जो रबरी पट्टा असतो तो त्यानं दोन बोटांत धरून हलवला.

"हा पट्टा होय का झोपाळा?" तो म्हणाला. "म्हणून पंप फिरत नाही. फक्त ची-ची करते. पट्टा तं नवीन दिसते. कोनं ढिला केला?"

मी म्हणणार होते, आम्ही कशाला करू. तेवढ्यात मामाजी म्हणाले, "म्या."



ते ओशाळून सांगायला लागले, मिस्त्रीला नाही, मला. पावसाळ्यात काम मंद होतं, व्हॅन बरेच दिवस उभीच राहणार होती. पट्टा नुकताच नवा टाकलेला. इतका ताणून ठेवला तर उभ्या उभ्या तुटेल, म्हणून त्यांनी बोल्ट सैल करून त्याला ढील दिली. पावसाळा संपल्यावर पुन्हा कसला. "अंगठ्यानं दाबून पाह्यला बाई. बराबर कसला होता म्या."

"कोन्त्या हिशोबानं बराबर?" मिस्त्रीनं विचारलं.

"तानीच्या," मामाजी म्हणाले.

मिस्त्रीला कळलं नाही. मला कळलं. इतकी वर्षं त्या घरात राहून मला विणता येत नाही, पण एवढं रोज पाहिलेलं आहे. मागावर उभे धागे पसरलेले असतात ती तानी. आमच्याकडे विणकर संध्याकाळी मागावरून उठताना तानीला थोडी ढील देऊन उठतो. ताणलेली ठेवली तर रात्री कोशाचे धागे तुटतात. सकाळी बसताना पुन्हा ताण द्यायचा आणि अंगठ्यानं दाबून पाहायचं, धागा किती दबतो ते. मामाजींचा अंगठा यात कधी चुकत नाही. गावातले दुसरे विणकर नवी तानी चढवली की एकदा मामाजींना बोलावून अंगठा लावून घ्यायचे. त्याच अंगठ्यानं त्यांनी व्हॅनचा पट्टा कोशाच्या बेतानं ताणला होता. रेशमाला अगदी योग्य. रबराला कुचकामी.

"बाबा, हे रबर होय," मिस्त्री म्हणाला. "याले तुटेपर्यंत ताणाचं राह्यते." त्यानं पहार घालून पंप मागे रेटला, पट्टा कडक झाला, बोल्ट आवळला. झालं. आम्हाला नीट उभं राहायलाही वेळ मिळाला नाही.

"बसा आता," मी म्हटलं.

मामाजी बसले. इंजिन सुरू केलं. हात चाकावर ठेवले आणि थोडा वेळ ठेवूनच बसले, वळवेनात. मला कळत होतं ते काय करत होते. अजूनही जड लागलं तर? मग त्यांनी चाक वळवलं. ते एका बाजूला पूर्ण गेलं. मग दुसऱ्या बाजूला. मग त्यांनी डावा हात काढून मांडीवर ठेवला आणि एकट्या उजव्यानं, नुसत्या तळव्यानं, चाक गोल फिरवलं.

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिली तुम्ही," मी म्हटलं. मला रागवायचं होतं. इतके महिने, ते तेल, त्या गोळ्या, तो ओसरीवरचा गप्पपणा, सगळ्याचा हिशोब मागायचा होता. पण ते वर बघून हसले, लहान मुलासारखे, दात नसलेले, आणि मला तिथेच रडू कोसळलं. मग मी मिस्त्रीवरच ओरडले, तुझी तेलकट चिंधी सीटवर कशाला ठेवली म्हणून. तो म्हणाला, ताई, ती चिंधी तुमच्याच गाडीतली आहे.

"फोन लाव आता," मामाजी म्हणाले.

ह्यांनी पहिल्याच घंटीला उचलला आणि माझं काही ऐकायच्या आधीच सुरू झाले. इथं काहीच होऊन नाही राहिलं, म्हणाले. सुतार दोनदा चहा पिऊन वापस गेला. आई सकाळी तुम्ही गेल्या गेल्या मागावर जाऊन बसली ती उठतच नाही. बोलतही नाही. पाय खाली मागाच्या खड्ड्यात सोडून बसली आहे. आता मी काय आईला उचलून बाजूला ठेवू?

मी फोन मामाजींच्या कानाला लावून हे सगळं पुन्हा सांगायला लावलं. ऐकताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. फोन परत देऊन ते म्हणाले, "चाल लवकर." ड्रायव्हरच्या सीटवर तेच बसले होते. भाजीवाल्याला मी वाटेतूनच कळवलं की गाडी द्यायची नाही. तो बोलला थोडंफार. मीही बोलले.

घरी पोचलो तर सासूबाई खरंच तशाच बसल्या होत्या. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खालच्या खड्ड्यात, पायानं दाबायच्या पायट्यांवर असतात. सासूबाईंनी आयुष्यात सूत भरलं, धोट्यात घालायच्या कांड्या भरल्या, पण मागावर कधी बसल्या नव्हत्या. ती मामाजींची जागा. आज त्या तिथे बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, समोर अर्धी साडी. कुणीतरी शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला होता, तो तसाच भरलेला.

मी धावत जाऊन सगळं सांगायला लागले, पट्टा, पंप, ट्रकवाला. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्या माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या मामाजींकडे बघत होत्या.

"उठा ना आता, आई," मी हात पुढे केला.

"पाय मेले माहे," त्या म्हणाल्या. "उठता येत नाही." पण माझा हात काही त्यांनी धरला नाही.

मामाजी आले. मागाच्या लाकडाला डावा हात टेकून वाकले आणि उजवा पुढे केला. सासूबाईंनी तो धरला. त्यांनी ओढलं, आणि त्या एका झटक्यात वर आल्या, अशा की तोल जाऊन त्यांच्या छातीवरच आपटल्या. आमच्या घरात कधी कुणी त्या दोघांना एकमेकांच्या इतकं जवळ उभं पाहिलेलं नव्हतं. ह्यांनी लगेच दुकानाची किल्ली शोधायला सुरुवात केली.

"कोन्त्या हातानं ओढलं जी?" सासूबाईंनी विचारलं.

"उजव्या."

त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं रडायला लागल्या. मामाजींनी हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला. मग हळूच म्हणाले, "सोड आता. मले मागावर बसू दे."